मामा आणि मोहन बागान: नाव बदललं तेव्हा काय झालं

हे प्रकरण माझ्या मामांचं आहे. वय पंच्याहत्तरच्या पुढे, मराठी माणूस, बंगालशी रक्ताचं नातं काही नाही, आणि तरी पन्नासेक वर्षं कोलकात्याच्या मोहन बागान या फुटबॉल क्लबचे कट्टर फॅन. लिहून काढतोय कारण २०२० ते २०२३ मध्ये त्यांच्या या प्रेमाचं जे झालं ते घरात सगळ्यांना दिसत होतं पण नीट उलगडत नव्हतं, टीम जिंकत होती आणि हा माणूस गप्प गप्प होत चालला होता. फॅनचं दुःख म्हणजे टीम हरणं असं आपण धरून चालतो ना, इथे तसं अजिबात नव्हतं.

आधी थोडं मागचं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मामांनी बागानला पहिल्यांदा पाहिलं ते मुंबईत, कूपरेजवर, रोव्हर्स कपला. आताच्या पोरांना रोव्हर्स म्हणजे काय ते माहीत नसतं, १८९१ ला सुरू झालेली स्पर्धा, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या टीम आल्या की कूपरेजवर ही गर्दी. पण तेव्हा ते नुसते बघणारे होते. फॅन झाले ते बदलीवर कलकत्त्याला गेल्यावर. ऑफिसात पहिल्याच आठवड्यात विचारलं, तू कोणाचा? आणि तिथे हा प्रश्न साधा नाही, कारण तिथे टीम कोणी निवडत नाही, ती घरातूनच येते. पश्चिम बंगालचे मूळचे लोक, घोटी, ते बागानचे. पूर्व बंगालमधून आलेले, बांगाल, ते ईस्ट बंगालचे, म्हणजे तिथल्याच दुसऱ्या मोठ्या क्लबचे. आजोबांचं गाव कुठलं यावर नातवाची टीम ठरते. मामा दोन्हीत बसत नव्हते, त्यांना ठरवावं लागलं.

ठरवलं ते १९११ च्या गोष्टीवरून. एका सीनियर सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत ती रंगवून सांगितली होती आणि मामा ती अजून तशीच सांगतात, २९ जुलै १९११, आयएफए शील्ड या कलकत्त्याच्या जुन्या फुटबॉल स्पर्धेची फायनल, समोर ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट म्हणजे गोऱ्या फौजेची टीम, आपले बहुतेक खेळाडू अनवाणी, आधी एक गोल खाल्ला, मग कॅप्टन शिबदास भादुरीने बरोबरी केली आणि शेवटी अभिलाष घोषने मारला, २-१. इंग्रजांच्या राज्यात इंग्रजांच्या खेळात इंग्रजांना हरवलं. मामा म्हणतात, "हे ऐकल्यावर दुसरी टीम कशाला शोधायची?"

आणि मग लगेच पहिला दणका. ३० सप्टेंबर १९७५, आयएफए शील्डची फायनल, ईस्ट बंगाल ५, मोहन बागान ०. मामा मैदानात होते. नवीन फॅनसाठी याच्याहून वाईट सुरुवात नाही, मामींचं म्हणणं असं की हा माणूस तिथेच पक्का झाला, बागान जिंकलं असतं तर कदाचित एवढा अडकला नसता. मला ते पटतं. जो पाच गोल पोटात घालून दुसऱ्या दिवशी ऑफिसात ईस्ट बंगालवाल्यांसमोर बसला त्याला आता बाहेर पडायची सोयच राहिली नाही.

दोन वर्षांनी भरपाई झाली. २४ सप्टेंबर १९७७, ईडन गार्डन्स, न्यूयॉर्क कॉसमॉसची टीम आली, पेले खेळायला उतरले, पावसाने मैदानाचा चिखल झालेला, आणि बागानने २-२ बरोबरी केली. श्याम थापा आणि हबीब यांचे गोल. त्याच वर्षी बागानने शील्ड, रोव्हर्स आणि ड्युरँड या तिन्ही स्पर्धा जिंकल्या. मामा त्या वर्षाबद्दल फार बोलत नाहीत खरं तर, बोलतात ते ७५ बद्दलच.

नंतर बदली परत इकडे झाली आणि इथून खरी केस सुरू होते असं मला वाटतं, कारण इकडे आल्यावर बागानचं त्यांच्याजवळ काय उरलं? मैदान नाही, क्लबचा तंबू (तिकडे क्लबच्या ऑफिसला तंबूच म्हणतात) नाही, ट्राममध्ये भांडायला ईस्ट बंगालवाला नाही, ती भाषासुद्धा नाही. उरलं एक नाव, एक रंग म्हणजे हिरवा-मरून, आणि शिडाची होडी असलेलं ते चिन्ह. आणि वही.

वहीबद्दल सांगायलाच पाहिजे. जाड पुठ्ठ्याची, ऑफिसात आवक-जावक लिहायला असते तसली लांब रजिस्टरची वही. डावीकडे तारीख, मग समोरची टीम, मग स्कोअर, मग गोल कोणी मारले. बागान लिहायचं नाही, कारण वहीच बागानची आहे. इंटरनेट नव्हतं तेव्हा निकाल कळायला कधी पेपरात चार दिवसांनी येणारी दोन ओळींची बातमी, कधी रेडिओ, कधी तिकडच्या मित्राचं पोस्टकार्ड, त्यामुळे जुन्या पानांवर काही ठिकाणी स्कोअर आहे पण गोल कोणाचे ती जागा रिकामी ठेवलेली आहे. अंदाजाने भरलेली नाही. माहिती मिळाली तर दोन वर्षांनी सुद्धा वेगळ्या शाईने भरलेली आहे. अशा वह्या एकावर एक अशा कपाटात.

आता या निष्ठेने काय काय पचवलंय ते बघा. २००१-०२ ला नॅशनल लीग जिंकल्यावर देशाचं लीग परत जिंकायला २०१५ उजाडलं, तेरा वर्षं. त्यात ९ डिसेंबर २०१२ ची डर्बी, म्हणजे ईस्ट बंगालशी मॅच, सय्यद रहीम नबीला प्रेक्षकांतून दगड लागला, बागानने सेकंड हाफ खेळायला नकार दिला, फेडरेशनने दोन वर्षांची बंदी घातली, पुढे ती उठली पण दोन कोटींचा दंड आणि पॉइंट गेले ते गेलेच. इतर कोणी कंटाळला असता. मामांनी वहीत लिहिलं, "सेकंड हाफ खेळले नाहीत", आणि पुढच्या मॅचची ओळ आखली. क्लबचं चुकलं असं ते तेव्हाही म्हणाले, आजही म्हणतात, पण त्याने नात्यात काही फरक पडला नाही. मग ३१ मे २०१५, बंगळुरूच्या कांतीरवावर शेवटची मॅच, ड्रॉ पुरेसा होता आणि बागान एक गोलने मागे, ८७ व्या मिनिटाला बेलो रझाकचं हेडर, १-१, चॅम्पियन. मामी सांगतात की हे त्या रात्री झोपलेच नाहीत, वही उघडून मागच्या तेरा वर्षांची पानं वाचत बसले होते.

म्हणजे हरणं, बंदी, दुष्काळ, सगळं चालून गेलं. मग २०२० ला काय झालं?

झालं असं. जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं की गोएंका ग्रुप बागानच्या फुटबॉल कंपनीत ८० टक्के हिस्सा घेणार आणि त्यांची आयएसएलमधली (इंडियन सुपर लीग, देशातली नवी मोठी लीग) कोलकात्याचीच टीम एटीके ही बागानमध्ये विलीन होणार. १० मार्चला बागानने कल्याणीत ऐझॉलला १-० हरवून आय-लीग (बागान तोवर खेळत होतं ती जुनी राष्ट्रीय लीग) जिंकली, चार दिवसांनी एटीकेने आयएसएल जिंकली, मग लॉकडाऊन, आणि जुलैमध्ये नाव ठरलं, एटीके मोहन बागान. हिरवा-मरून राहिला, होडीचं चिन्ह राहिलं, फक्त नावापुढे तीन अक्षरं लागली.

माझा मामेभाऊ मुंबई सिटी या आयएसएलमधल्याच टीमचा फॅन, समजूतदार आहे, बापाची काळजी करणारा आहे. त्याचं म्हणणं एकदम तर्काला धरून होतं. तो म्हणाला, "बाबा, क्लबचं नाव आधीही बदललंय. १८८९ ला स्पोर्टिंग क्लब होतं, मग अॅथलेटिक क्लब झालं. आणि १९९८ नंतर मॅकडॉवेल मोहन बागान होतं की नाही? तेव्हा तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. आता पैसा आलाय, आयएसएल मिळतंय, चांगले प्लेअर येतील, तुमच्याच टीमचं भलं होतंय."

बरोबर मुद्दा होता. मामांकडे उत्तर नव्हतं, ते नुसतं म्हणाले, "ते वेगळं होतं," आणि उठून गेले.

२७ नोव्हेंबर २०२० ला आयएसएलमधली पहिली डर्बी, गोव्यात वास्कोला, स्टेडियम रिकामं, रॉय कृष्णा आणि मनवीर सिंगचे गोल, २-० जिंकले. मामांनी पूर्ण मॅच पाहिली. वही काढली नाही. जुन्या कॅलेंडरच्या पानाचा एक तुकडा फाडला, मागच्या कोऱ्या बाजूवर स्कोअर लिहिला आणि तो तुकडा वहीत सरकवून दिला. त्या सीझनच्या सगळ्या मॅच अशाच, तुकड्यांवर. बघायचं सोडलं नाही, लिहायचं सोडलं नाही, पण वहीत नाही.

पुढची दोन-अडीच वर्षं हेच. भावाने वाढदिवसाला नवीन जर्सी आणली, मामांनी थँक्यू म्हणून घडी केली आणि कपाटात ठेवली, कधी घातली नाही. मॅचच्या दिवशी पूर्वी दुपारपासून घरात चुळबुळ असायची ती बंद. जिंकले की मान हलवायचे, हरले की मान हलवायचे. मार्च २०२१ ची फायनल मुंबई सिटीकडून २-१ हरले, बिपिन सिंगने अगदी शेवटी मारला, भाऊ सोफ्यावरून उडाला आणि मग बापाकडे बघून ओशाळला, तर मामा म्हणाले, "छान मारला." एवढंच. भाऊ मला नंतर फोनवर म्हणाला की शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मामींना वाटत होतं की वयामुळे आहे, लॉकडाऊनमुळे आहे, डॉक्टरला दाखवू. दाखवलंही, काही निघालं नाही. मी एकदा सुचवलं की मामा, तुम्ही तुमच्या वहीत तुम्हाला हवं ते समजून लिहा ना, कोण विचारतंय. त्यावर ते जरा तापलेच, म्हणाले, "वहीत खोटं लिहायचं नाही. ही बागानची वही आहे. ही टीम बागानची आहे का ते मला माहीत नाही."

यात खरी मेख आहे. मॅकडॉवेल लागलं तेव्हा ती जाहिरात होती, दारूची कंपनी काही मैदानात उतरून वेगळी टीम म्हणून खेळत नव्हती. एटीके ही टीम होती, २०१४ पासूनची, तीन आयएसएल जिंकलेली, स्वतःचा इतिहास असलेली. आता या दोन टीमची एक टीम झाली तर जो इतिहास पुढे चालणार तो कोणाचा, हा मामांचा प्रश्न होता आणि तो बावळट प्रश्न नाही. कोलकात्यातले फॅन हेच विचारत होते, "रिमूव्ह एटीके" म्हणून बॅनर लागले, मोर्चे निघाले. पण त्यांच्याकडे मोर्चा तरी होता. चिडायला शेजारी दुसरा चिडलेला माणूस होता, क्लबचा तंबू होता, घरात आजोबांपासूनचा वारसा होता, एक नाव गेलं तरी बाकी दहा गोष्टी धरायला होत्या. मामांकडे ते नावच होतं. सगळं त्या एका खुंटीला टांगलेलं.

ज्याला टीम जन्माने मिळते त्याच्यापेक्षा ज्याने ती निवडली त्याची निष्ठा कमी असते असं मानतात, मला या केसवरून उलटं दिसतं, निवडणाऱ्याची निष्ठा जास्त नाजूक असते कारण तिला आजूबाजूने आधार नसतो. कमी नव्हे, नाजूक.

फरक पडला तो कशाने हे सांगतो. मामींनी जुन्या डायरीतून ऑफिसातल्या एका मित्राचा नंबर शोधला, तोच ७५ साली दुसऱ्या दिवशी समोरच्या टेबलावर बसलेला ईस्ट बंगालवाला. मधली बरीच वर्षं संपर्क नव्हता. फोन लावून दिला. अर्धं मोडकं बंगाली, अर्धं हिंदी, तासभर चाललं. त्यांच्याही टीमच्या नावापुढे त्याच वर्षी एससी लागलं होतं, पैसेवाला येतो-जातो हे तिकडेही चालू होतं, शिवाय टीम सारखी हरत होती. म्हणजे रडायला दोघांकडे भरपूर. मी तेव्हा तिथेच होतो, मामा त्यांना जे म्हणाले ते मी कधी विसरणार नाही, कारण आम्हाला घरात कोणाला त्यांनी हे इतक्या दिवसांत सांगितलं नव्हतं. म्हणाले, "टीम संपली असं कोणी सांगितलं असतं तर सुतक पाळलं असतं आणि मोकळा झालो असतो रे. पण ना संपली म्हणतात, ना तीच आहे म्हणतात. मी करायचं काय?"

तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. पण मामा खूप दिवसांनी मोठ्याने हसले.

मग दर डर्बीच्या आधी फोन सुरू झाला. वही अजूनही बंदच, पण बोलणं सुरू झालं, आणि बोलणं सुरू झाल्यावर माणूस हळूहळू घरातही बोलायला लागला, मॅचवर कॉमेंट करायला लागला, रेफ्रीला नावं ठेवायला लागला. घरच्यांनी जे समजावणं केलं त्याने काही झालं नाही याचं कारण मला असं वाटतं की आम्ही सगळे त्यांना बरं वाटावं म्हणून बोलत होतो. तो मित्र बोलत होता कारण त्यालाही तेच झालं होतं. आणि तो विरोधी टीमचा होता हे तर फारच महत्त्वाचं, कारण बागान म्हणजे काय हे बागानवाल्याइतकंच पक्कं ईस्ट बंगालवाल्याला माहीत असतं. त्याने "तू बागानचा" म्हटलं की ते पक्कं.

१८ मार्च २०२३, गोव्यात फातोर्डाला आयएसएल फायनल, बंगळुरूविरुद्ध २-२, पेनल्टी शूटआऊटमध्ये विशाल कैथने एक अडवली आणि ४-३ ने जिंकले. आणि मॅचनंतर टीमचे मालक संजीव गोएंकांनी जाहीर केलं की पुढच्या सीझनपासून एटीके जाणार, नाव मोहन बागान सुपर जायंट्स. मामा खुर्चीतून उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले. भावाला म्हणाले, परत लाव. लाइव्ह आहे बाबा, परत कसं लावू. मग त्याने मोबाइलवर शोधून दाखवलं.

आम्हाला वाटलं आता वही उघडणार. नाही. "जाहीर केलंय, झालेलं नाही." १ जूनला नाव अधिकृत बदललं (जायंट्स जाऊन नुसतं जायंट राहिलं), तोवर थांबले.

आणि मग डर्बीची पहिली नोंद कोणती पडावी? १२ ऑगस्ट २०२३, ड्युरँड कप, ईस्ट बंगालने १-० हरवलं. नंदकुमारचा गोल. चार वर्षांहून जास्त काळाने ईस्ट बंगाल डर्बी जिंकली होती, मधल्या एटीकेच्या तीन सीझनमध्ये एकदाही नाही. पाच मिनिटांत कोलकात्याहून फोन, तिकडे आरडाओरडा, मामा इकडे लाल झालेले, "ऑफसाइड होता" म्हणून ओरडतायत, तो नव्हता, पण ओरडतायत, मामी आतून बाहेर येऊन बघतायत की झालं काय. फोन ठेवला, वही काढली, तारीख, ईस्ट बंगाल, ०-१, खाली रेघ. भावाने मला लगेच मेसेज केला, बाबा हरले, बाबा बरे आहेत. तीन सप्टेंबरला त्याच ड्युरँडच्या फायनलला पेट्राटोसच्या एका गोलने ईस्ट बंगालला हरवलं, तेव्हा फोन मामांनी लावला.

त्यानंतरची गोष्ट सरळ आहे. एप्रिल २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मुंबई सिटीला २-१ हरवून लीग शील्ड (आयएसएलच्या टेबलात पहिलं आल्यावर मिळते ती, कप वेगळा, तो फायनलचा), मे मध्ये तिथेच फायनलला मुंबईकडून ३-१ हार, दोन्ही वेळा बापलेकांची घरात रीतसर भांडणं झाली, २०२५ ला शील्ड आणि कप दोन्ही. सगळं वहीत आहे. सुपर जायंट हा शब्द मामा अजून उच्चारत नाहीत, आणि त्या नावाने त्यांना त्रासही होत नाही, कारण त्यांच्या लेखी मॅकडॉवेलसारखंच ते, जाहिरात.

एक गोष्ट मात्र मिटलेली नाही. ते कॅलेंडरचे तुकडे. भावाचं म्हणणं की आता ते वहीत उतरवून घ्या, ऑफिशियल हिशेबात त्या सगळ्या मॅच मोहन बागानच्याच धरतात, आणि बाबा जरा बघा तरी, त्या तीन सीझनमध्ये तुम्ही ईस्ट बंगालशी एकही मॅच हरला नाहीत, ते सगळे विजय तुम्ही सोडून देताय. मामा म्हणतात, सोडत नाहीये, फाडून टाकले का? ठेवलेत ना. पण उतरवणार नाही. कोलकात्याच्या मित्राने साहजिकच मामांची बाजू घेतलीय, त्याच्या दृष्टीने ते विजय मोजले न गेलेलेच बरे. भावाने मागच्या वेळी मला मध्ये घेतलं, तू सांग, कोणाचं बरोबर. मी मामांच्या बाजूने बोललो. तेव्हापासून भाऊ डर्बीचा एकूण हिशेब स्वतःच्या मोबाइलमध्ये वेगळा ठेवतो, आणि प्रत्येक मॅचनंतर दोघांचे आकडे जुळत नाहीत यावर पुन्हा सुरू होतं.